सासूबाईंचा प्याला

लग्न होऊन मी या घरात आले, त्या दिवशी मांडवातच मला सासूबाईंची गोष्ट ऐकायला मिळाली. सांगणारी त्यांची चुलत जाऊ होती आणि मला वेळीच शहाणं करून सोडावं एवढाच तिचा हेतू होता.

"तुजी सासू साधी समजू नगंस. भायेरगावच्या उपदेशकाला हिनं भरल्या सभंत सैतान म्हनलंय. त्येबी माईकवरनं!"

बायका खदाखदा हसल्या. सासूबाई पलीकडे भाताच्या पातेल्याजवळ उभ्या होत्या. त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. मला वाटलं, काय ही नम्रता! पुढे त्यांच्याशी रोजची गाठ पडली तेव्हा कळलं, नम्रता हा त्यांचा प्रांत नव्हे. मग ती गोष्ट निघाली की त्या उठून का जातात, हा प्रश्न खरं तर मला तेव्हाच पडायला हवा होता. पडला नाही. नवी सून स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या जागा शोधण्यात गुंतलेली असते.

गोष्ट अशी. माझी नणंद तेव्हा सहा वर्षांची होती आणि तिला न्यूमोनिया झाला होता. त्याच सुमारास साखर कारखान्यामागच्या मैदानावर तीन दिवसांची रोगमुक्तीची सभा भरली. ती कोणी भरवली, हे आता गावात कोणाला धड सांगता येत नाही. आमच्या चर्चच्या मंडळीची नव्हती, एवढं मात्र सगळे जोर देऊन सांगतात. उपदेशक म्हणाला, औषध घेणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं. सासूबाईंनी पूर्ण श्रद्धेने गोळ्या-बाटल्या बंद केल्या आणि पोरीला रोज सभेला नेलं. तिसऱ्या दिवशी त्याने मायलेकींना स्टेजवर घेतलं, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून अन्य भाषेत, म्हणजे कोणालाच न कळणाऱ्या शब्दांत, प्रार्थना केली आणि पोरगी पूर्ण बरी झाली असं जाहीर केलं. टाळ्या पडल्या. पोरीचे ओठ मात्र निळे पडले होते आणि श्वास घेताना तिच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या. सासूबाईंनी ते पाहिलं, तिला खांद्यावर टाकलं आणि समोरच्या माईकमध्ये ओरडल्या, "ह्यो देवाचा आत्मा न्हाई! सैतान हाय, सैतान!"

तिथून त्या धावत रस्त्यावर आल्या. शेजारच्या बौद्ध घरातले काका बाजारात टोमॅटो उतरवून परत येत होते. त्यांनी टेम्पो तिथंच वळवला आणि दोघींना श्रीरामपूरच्या हॉस्पिटलात पोचवलं. पोरगी वाचली.

ती पोरगी आज केडगावला राहते आणि एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. तिला शिट्टीची गरजच नाही, नुसती हाक मारली तरी पुणे रोडवरची रहदारी थांबेल, असं माझा नवरा म्हणतो. भाऊच तो, थोडं जास्तच बोलणार. पण लहानपणी जिला श्वास मिळत नव्हता तिचा आवाज एवढा मोठा आहे, ही आमच्या घरची आवडती गंमत होती.

गावालाही ही गोष्ट फार प्यारी. नाताळच्या करंज्या करायला बायका जमल्या की कोणीतरी ती सांगायचंच, आणि दर वर्षी उपदेशकाची फजिती थोडी थोडी वाढायची. अलीकडच्या प्रकारात तर तो चप्पल टाकून पळाला होता. मीही माहेरी, नगरला, ही गोष्ट पुष्कळदा रंगवून सांगितली आहे. तिचं शेपूट मात्र कोणी सांगत नसे. सासूबाई पोरीला घेऊन खाली उतरत होत्या तेव्हा तो माणूस माईकवरून काहीतरी बोलला होता. लोकांच्या ते लक्षात राहिलं नव्हतं. पोरगी वाचली म्हटल्यावर पुढचं कोण ऐकतंय?

आता मनुकांबद्दल सांगायला हवं. आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून. भाकर म्हणून बेकरीतल्या पावाचे तुकडे आणि द्राक्षारस म्हणून काळ्या मनुकांचा रस. हा रस करायचा मान मंडळीतल्या एकाच घराकडे असतो आणि त्यावरून बायकांमध्ये जी चुरस चालते ती ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतही नसेल. आमच्याकडे तो मान सासूबाईंच्या सासूबाईंपासून आहे. शुक्रवारी मनुका निवडून भिजत घालायच्या, शनिवारी उकळायच्या, कुस्करायच्या आणि पांढऱ्या मलमलीतून गाळायच्या. फडकं पिळायचं नाही. रस आपणहून गळू द्यायचा, नाहीतर तो गढूळ होतो. मी पहिल्याच महिन्यात फडकं पिळलं. त्यावरून मी जी बोलणी खाल्ली ती माझ्या आईनेही मला कधी दिली नव्हती.

रविवारी सासूबाई मागच्या दाराजवळच्या बाकावर बसायच्या. काचेचे इवले इवले पेले ट्रेमध्ये मांडायचे, भरायचे, पुढे पाठवायचे आणि रिकामे परत आले की धुवायला घ्यायचे. शेवटी पाळकसाहेब विचारायचे, "कोणी राहिलं का?" मागून सासूबाईंचा आवाज यायचा, "न्हाई. माजंबी झालं मागं." त्यावर आशीर्वाद व्हायचा आणि लोक चपला शोधायला लागायचे. मी त्यांच्या शेजारी बसून ट्रे पुसायचे. तरी मला कधी शंका आली नाही. जिने रस केला तिनेच तो घेतला नाही, असं कोणाच्या मनात येईल?

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता त्यांच्या छातीत दाटायला लागलं. चर्चपर्यंत चालताना दोन ठिकाणी बसावं लागायचं. नगरला नेलं, तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, बायपास करावी लागेल, फार दिवस लावू नका. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "न्हाई करायची."

आम्हाला वाटलं, घरी आल्यावर ऐकतील. कसल्या ऐकतात! गावात कोणाचंही ऑपरेशन निघालं की धीर द्यायला याच बाईला बोलावतात. मोतीबिंदू असो की पोटातली गाठ असो, या जाऊन त्याच्या उशाशी बसणार, प्रार्थना करणार आणि वर दम भरणार, "देवानं तुला एवढ्यासाठी घडवलं व्हय, खाटंवर पडून रडायला?" स्वतःची वेळ आली तेव्हा मात्र त्यांनी तोंड मिटलं. नवरा म्हणाला, वय झालं की माणूस हट्टी होतं. मी म्हटलं, तुमच्या आईच्या बाबतीत वयाला उगाच दोष देऊ नका. नणंद केडगावहून रोज फोन करायची आणि फोन कानापासून हातभर लांब धरूनही आम्हाला तिचं सगळं ऐकू यायचं.

मनुका निवडायचा शुक्रवार आला. मी शिकवते त्या शाळेला सुट्टी होती. दुपारी आम्ही दोघी ओट्यावर सूप घेऊन बसलो होतो, आणि मी पुन्हा विषय काढला. एकदा सुरू केलेलं भांडण मला अर्धवट टाकता येत नाही, हा माझा गुण आहे की खोड हे माणसागणिक बदलतं. मी त्यांना मुद्दाम खिजवलं.

"आत्या, मरणाला भिता काय तुम्ही?"

मला वाटलं, सूप आपटून उठतील.

"व्हय," त्या म्हणाल्या.

मी गडबडले. "अहो, मामंजी गेले तेव्हा तुम्हीच आम्हाला गप्प केलंत ना? ते प्रभूजवळ गेले, रडता कशाला, असं म्हणालात."

"त्ये गेले. मी न्हाई जायची तिकडं."

त्यांचे हात थांबले नव्हते. काड्या बाजूला, मनुका पातेल्यात. तसंच काम करत करत त्यांनी मला गोष्टीचं शेपूट सांगितलं. त्या स्टेजवरून उतरत असताना उपदेशक त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाला होता की पवित्र आत्म्याच्या कामाला या बाईने सैतानाचं काम म्हटलं आहे, आणि या एका पापाला क्षमा नाही, या जगातही नाही आणि पुढच्याही नाही.

"अहो, त्या भोंदूचं तुम्ही खरं धरलंत?"

"त्याचं कोन धरतंय? पर त्ये पवित्र शास्त्रात हाय, बायबलात. पोरगी घरी आल्यावर मी बगितलं. हाय तसंच लिवल्यालं. त्येवढं वाचलं आन मिटवून ठिवलं. परत त्ये पान काय उगाडलं न्हाई. उपासनेत त्यो भाग वाचायला घेतला की मी पानी प्यायला भायेर जाते."

"म्हणून ऑपरेशन नको?"

"टेबलावरच गेले म्हंजी? जितकं दिस हितं, तितकं दिस नरकात न्हाई."

एवढं बोलून त्यांनी पुढची मूठ सुपात पसरली. आणि मग एकदम मला ते मागचं दार, तो बाक, ते पेले सगळं दिसलं.

"आत्या, तुम्ही रविवारी घेता ना? प्याला?"

"न्हाई."

"कधीपासून?"

"तवापसनं."

"मग रस करता कशाला?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अगदीच खुळचट विचारलं आहे. "लोकांनी घ्यावा म्हनून. माजं गेलं म्हनून बाकीच्यांचं कशापायी अडवू?" एक काडी उचलून त्यांनी बाजूला टाकली. "पोरगी वाचली ना? मग सौदा काय वाईट न्हाई झाला."

मला रडू यायला हवं होतं. आला राग. त्या उपदेशकाचा आला, हसत हसत गोष्ट सांगणाऱ्या साऱ्या गावाचा आला, आणि सगळ्यात जास्त या बाईचा आला, जिने एवढं ओझं एकटीने वाहिलं आणि वर माझ्यावर फडकं पिळल्याबद्दल ओरडत राहिली. "कुनाला सांगू नगं," त्या म्हणाल्या. मी मान हलवली. शब्द दिला नाही, हे इथे मुद्दाम लिहून ठेवते. संध्याकाळी मी पाळकसाहेबांना फोन केला आणि मग नणंदेला. नणंदेला फक्त एवढंच सांगितलं की उद्या पहिल्या एसटीने ये.

आमचे पाळकसाहेब नवे आहेत, वयाने तरुण, आणि उपदेश थोडा लांबवतात. शनिवारी सकाळी त्यांनी मोटारसायकल अंगणात लावली तेव्हा सासूबाई चुलीवरच्या पातेल्यात मनुका ढवळत होत्या. गॅस घरात असूनही हा रस चुलीवरच होतो. पाळकसाहेब कशाला आले ते सासूबाईंना लगेच कळलं. माझ्याकडे एक जळजळीत नजर टाकून त्या म्हणाल्या, "बसा साहेब. च्या ठिवते." चहाच्या आडोशाने त्यांना पळायचं होतं. मी म्हटलं, चहा मी ठेवते.

पाळकसाहेबांनी सुरुवात पुस्तकातली केली. म्हणाले, "मावशी, एक लक्षात घ्या. हे पाप आपल्या हातून घडलं की काय अशी ज्याला भीती वाटते, त्याच्या हातून ते घडलेलंच नसतं. ज्याच्या हातून घडतं त्याला त्याची पर्वाच नसते."

"पोलिसाची भीती चोरालाबी वाटती की," सासूबाई म्हणाल्या. "मग त्यानं चोरी केली न्हाई व्हय?"

पाळकसाहेबांनी घसा साफ केला. "बरं, तसं धरा. पण देव तर क्षमा करणारा आहे. तुम्ही मनापासून पश्चात्ताप करा."

"त्येच तर जमत न्हाई!" डाव पातेल्यात तसाच सोडून त्या खाली बसल्या. "तुमाला काय वाटलं, केला न्हाई मी? किती येळा गुडघं टेकलं. 'देवा, माजं चुकलं' म्हनायला तोंड उगाडलं की पोरीचं निळं व्हट दिसत्यात. मग तोंडात काय येतं? 'पुन्हा तशी येळ आली तर पुन्हा वरडन.' आता सांगा. वाईट वाटलं न्हाई तर पश्चात्ताप कसला? आन देवापुढं खोटं बोलू व्हय?"

पाळकसाहेबांनी पुस्तकातलं आणखी एखादं वाक्य त्यांच्या तोंडावर फेकलं नाही. मला ते त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून आवडले.

दारात नणंद उभी होती. खांद्यावर पिशवी, पायात खेळाचे बूट. किती वेळ उभी होती कोण जाणे, पण सगळं ऐकलं होतं हे तिच्या तोंडावरून दिसत होतं. मी तिला एवढं गप्प कधीच पाहिलं नव्हतं. ती आत आली, फळीवरचं शास्त्र काढलं आणि पाळकसाहेबांच्या हातात दिलं.

"तो भाग काढा. एक वाक्य नको. जिथून सुरू होतं तिथून वाचा."

सासूबाई लगेच उठल्या. "पानी आनते."

नणंद दारात दोन्ही हात पसरून उभी राहिली. मुलींना कबड्डी शिकवून शिकवून तिला ते बरं जमतं. "बस आई. पाणी मी आणते नंतर."

पाळकसाहेब वाचायला लागले. एका माणसाला आणलं होतं, तो आंधळा होता आणि मुकाही होता. प्रभूने त्याला बरं केलं. त्याला दिसायला लागलं, तो बोलायला लागला. लोक थक्क झाले. पण तिथले मोठे धर्मज्ञ म्हणाले, हा भुतांच्या सरदाराच्या बळावर हे करतो.

"थांबा," सासूबाई म्हणाल्या.

पाळकसाहेब थांबले.

"त्यो मानूस बरा झाला हुता?"

"हो."

"आक्षी बरा? का नुसतं झाला म्हनून सांगितलं?"

"पूर्ण बरा. बघत होता, बोलत होता. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर."

"आन त्या शान्या लोकांनीबी त्ये बगितलं?"

"बघितलं ना. बघूनच ते तसं म्हणाले. आणि त्यावरच प्रभूने ते पुढचं वाक्य उच्चारलं."

चुलीवर मनुका उतू जायला आल्या होत्या. मी उठून लाकूड मागे ओढलं. सासूबाई जमिनीकडे बघत होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते, भाजीवालीचा हिशेब पडताळताना हलतात तसे.

"माजी पोरगी बरी झाली न्हवती," त्या सावकाश म्हणाल्या. "त्यांनी बरं झाल्यालं बगून सैतान म्हनलं. मी मरायला टेकल्यालं बगून म्हनलं."

मग त्यांनी मान वर केली.

"मग हे वाक्य माजं न्हाईच की!"

"नाही, मावशी," पाळकसाहेब म्हणाले. "तुम्ही देवाच्या कामाला नावं ठेवली नाहीत. देवाच्या नावावर चाललेलं खोटं तुम्ही ओळखलंत. त्याचा पश्चात्ताप तुम्हाला होत नव्हता, कारण तो करायचाच नव्हता."

इतका वेळ धरून ठेवलेला नणंदेचा आवाज आता सुटला. "आई! तू माझ्यासाठी नरकात जायला तयार झालीस? आणि मला सांगितलंही नाहीस? मी तिकडे शाळेत शिट्ट्या वाजवत फिरतेय आणि तू..." पुढे तिला बोलता येईना. एवढी धडधाकट बाई, लहान मुलीसारखी हुंदके देत होती.

सासूबाईंना त्यात रडण्यासारखं काही दिसलं नाही. "त्यात काय? तू जानार न्हाईस तुज्या पोरासाठी?"

पाळकसाहेबांनी शास्त्र मिटलं. "मावशी, लेकरासाठी स्वतःचा जीव टाकायचा, हे तुम्ही कोणाकडून शिकलात?"

सासूबाईंनी भिंतीकडे पाहिलं. आमच्या भिंतीवर क्रूस आहे, साधा, लाकडाचा, मामंजींनी स्वतः केलेला. त्याच्याकडे त्या बराच वेळ बघत होत्या. "आन त्येला माज्यापरीस कमी माया आसंल असं मी धरून चालले," त्या म्हणाल्या. आणि हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येतंय आणि हसताहेत. मग आम्हीही हसलो. पाळकसाहेबही हसले, चष्मा काढून पुसत.

"म्हंजी मला पश्चात्ताप करायचाच न्हाई?"

"या गोष्टीचा नाही."

"मग बाकीच्याचा आत्ताच करून घिते. लई हाय. ह्यापायी त्याला कदी हातच लावला न्हाई." आणि खरोखर गुडघे टेकून त्यांनी मोठ्याने सुरू केलं. चुलत जावेबद्दल मनात धरलेलं निघालं. शेजारणीची कोंबडी अडवून ठेवलेली निघाली. मग म्हणाल्या, "ह्या पोरीला एका फडक्यापायी लई बोलले." मी डोळे मिटलेले ठेवले आणि आमेन जरा ठसक्यात म्हटलं.

संध्याकाळी त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. रस मलमलीतून ठिबकत होता. "डोक्यात शिरलं," त्या मला म्हणाल्या, "पर पोटात उतरना. इतक्या वर्षांची भीती, ती काय लगीच जाती व्हय?" मी म्हटलं, नका घाई करू. मनातून मी घाबरले होते. उद्या पुन्हा त्या मागच्या बाकावर बसल्या तर?

रविवारी नणंदेने त्यांना मागच्या दाराकडे फिरकूच दिलं नाही. बायकांच्या बाजूला मधल्या बाकावर, आपल्या आणि आणखी एका बाईच्या मध्ये त्यांना बसवलं. पेले भरायला मी मागे. थोडा रस ट्रेवर सांडला. ट्रे बाकांवरून फिरत फिरत त्यांच्यापर्यंत गेला. त्यांनी पेला उचलला. पाळकसाहेबांनी वचन उच्चारलं, सगळ्यांनी घेतलं. सासूबाई पेला हातात धरून तशाच बसल्या होत्या. मला मागून फक्त त्यांचा अंबाडा आणि वर धरलेला हात दिसत होता. तो हात काही हलेना. पाळकसाहेबांना दिसत होतं. त्यांनी पुस्तक चाळल्यासारखं केलं, पान उलटलं, परत उलटलं. शेवटी नेहमीसारखं विचारलं, "कोणी राहिलं का?"

"मी ऱ्हायले," सासूबाई म्हणाल्या. सगळं चर्च वळून बघायला लागलं. "थांबा जरा."

आणि त्यांनी घेतला. एका घोटात, मान मागे टाकून. पेला खाली ठेवून त्या शेजारच्या बाईला म्हणाल्या, "एवढा ग्वाड करत हुते व्हय मी?" त्यांना वाटलं हळू म्हणाल्या. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. लोकांना काय झालं ते कळलं नाही, पण नणंद मोठ्याने "हालेलुया!" म्हणाली, आणि आमच्या मंडळीत असं मध्येच ओरडायची रीत नसूनही चार जणांनी तिला साथ दिली. मी मागे बसून रिकाम्या पेल्यांवर रडले. पेले नाहीतरी धुवायचेच होते.

सोमवारी त्यांनी स्वतःच माझ्या नवऱ्याला सांगितलं, डाक्टरला फोन लाव. आता त्या बऱ्या आहेत, चर्चपर्यंत न बसता चालत जातात आणि माझ्या हातचा रस गढूळ होतो असं अजूनही म्हणतात. मी हे लिहिते आहे हे त्यांना माहीत आहे. "लिव. पर खरं लिव," एवढीच त्यांची अट होती. त्यांच्या चुलत जाऊबाईंनी आपल्या गोष्टीला नवा शेवट जोडला आहे, पण अजून त्यांना तो नीट रंगवता येत नाही.

ऑपरेशनच्या सकाळी आम्ही सगळे नगरच्या त्या हॉस्पिटलात होतो. त्यांना हिरवा गाऊन घातला होता, केसांवर टोपी होती. ट्रॉलीवर त्या फार लहान दिसत होत्या. त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. सलाईन लावणाऱ्या सिस्टरने विचारलं, "आजी, घाबरलात का?"

"घाबरनार न्हाई व्हय? छाती उगाडनार हायेत माजी. लई भ्या वाटतंय."

माझी आणि नणंदेची नजरानजर झाली. नणंद खाली वाकली. तिला विचारायचं नव्हतं, पण राहवलं नाही.

"कशाचं भ्या वाटतंय, आई?"

"कशाचं म्हंजी? सुईचं. सुरीचं. त्या भुलीच्या वासाचं."

"आणि?"

सासूबाईंनी लेकीकडे नवलाने पाहिलं.

"आन काय? आनि काय ऱ्हायलंय भ्यायला?"